स्पंद आधी की स्थितिस्थापक?

ताणलेली वस्तू सोडल्यावर मूळ आकाराला परत येते, त्या गुणाला मराठी शाळेत ‘स्थितिस्थापकता’ म्हणतात. तोंडात न मावणारा हा शब्द भौतिकशास्त्राच्या परिभाषेसाठी कुणीतरी समितीत बसून घडवला असावा, असे तो पाठ करणाऱ्या मुलांना वाटते. प्रत्यक्षात तो न्याय-वैशेषिक दर्शनातला आहे आणि सुमारे दीड हजार वर्षे वापरात आहे. वैशेषिकांनी जगातल्या सगळ्या गोष्टी द्रव्य, गुण, कर्म अशा खात्यांत मांडल्या. गुणांच्या खात्यात ‘संस्कार’ नावाचा एक गुण असून त्याचे तीन प्रकार आहेत. धनुष्यातून सुटलेल्या बाणाला पुढे नेत राहणारा तो ‘वेग’, अनुभवाचा आत्म्यावर राहिलेला आणि आठवण जागवणारा ठसा ती ‘भावना’, आणि वाकवलेली फांदी हात सोडताच सरळ करणारा तो ‘स्थितिस्थापक’. वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादाने या तिसऱ्याची उदाहरणे देताना धनुष्य, फांदी, शिंग, दात, हाड, सूत आणि वस्त्र यांची नावे घेतली. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात त्या जागी चटई आली.

सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननाने भाषापरिच्छेदात या गुणाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, तो अतींद्रिय आहे, म्हणजे तो दिसत नाही, कार्यावरून अनुमानाने ओळखावा लागतो. दोन, तो काही ठिकाणी स्पंदाचे कारण होतो. म्हणजे वस्तूत आधी स्थितिस्थापक आहे आणि त्याच्यामुळे ती हलते, थरथरते, मागे येते. गुण हे कारण आणि हालचाल हे कार्य. ऐकायला हे इतके सरळ आहे की यात विचारण्यासारखे काही उरलेले वाटत नाही. रबराने मात्र ही जोडी उलटी करून दाखवली. ती कशी, हे कळायला रबर ज्या कुळातले आहे त्या बहुवारिकांच्या आत काय चालले असते ते पाहावे लागते.

बहुवारिक म्हणजे एकाच किंवा मोजक्या प्रकारांचे लहान रेणू एकमेकांचे हात धरून झालेली लांबलचक साखळी. रबर, पॉलिथिन, नायलॉन, कापसातले सेल्युलोज, रेशीम, गव्हातले ग्लुटेन, सगळे या घरातले. असे राक्षसी रेणू खरोखर असतात हे जर्मन रसायनज्ञ हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२०मध्ये मांडले, तेव्हा बहुतेक सहकाऱ्यांना ते पटले नाही. लहान रेणूंचे पुंजके एकत्र चिकटून बसत असतील, एवढेच त्यांचे म्हणणे होते. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळाले ते १९५३मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

साखळी लांब आहे हे निम्मे उत्तर. दुसरे निम्मे असे की ती कधी स्वस्थ बसत नाही. कार्बन-कार्बन यांच्यातला एकेरी बंध स्वतःभोवती फिरू शकतो. उष्णतेमुळे साखळीच्या प्रत्येक कडीला सगळीकडून ढुसण्या बसत असतात. मऊ अवस्थेतल्या बहुवारिकात या कड्या सेकंदाला अब्जावधी वेळा कूस बदलतात. साखळीची दोन टोके परस्परविरुद्ध दिशांना ताठ उभी राहण्याचा एकच मार्ग आहे. वेटोळे करून पडण्याचे मार्ग मोजता येणार नाहीत इतके. म्हणून साखळी जवळजवळ नेहमी वेटोळ्यातच सापडते. दहा हजार कार्बन अणूंची पॉलिथिनची साखळी सरळ ताणली तर तिची लांबी साधारण १,२५० नॅनोमीटर भरेल. वितळलेल्या अवस्थेत तिच्या दोन टोकांमधले अंतर सरासरी ४० नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे तिसावा हिस्सा. कुणी तिला बांधून ठेवलेले नसते. दारू पिऊन निघालेला माणूस हजार पावले चालूनही निघाल्या दारापासून फार लांब जात नाही, तसे हे.

आता रबर. घरातले रुंद रबरबँड घ्यावे, झटकन ताणावे आणि ताणलेलेच वरच्या ओठाला लावावे. ते कोमट लागते. तसेच धरून थोडा वेळ जाऊ द्यावा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावावे. आता ते गार लागते. हा प्रयोग इंग्लंडमधल्या जॉन गॉफ यांनी १८०५मध्ये नोंदवला. गॉफ अंध होते. ओठाची त्वचा तापमानाला किती हळवी असते हे डोळस माणसाच्या आधी त्यांना सुचले यात नवल नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. वजन टांगून ताणलेली रबराची पट्टी तापवली तर ती लांबण्याऐवजी आखडते आणि वजन वर उचलते. लोखंडाची तार तापल्यावर लांबते, रबर उलटे वागते. जेम्स जूल यांनी १८५९मध्ये हीच निरीक्षणे नीट मोजमाप करून पक्की केली. कारण कळायला मात्र १९३०च्या दशकापर्यंत थांबावे लागले. वेर्नर कून, ऑयगेन गुट, हेर्मान मार्क यांनी ते साखळ्यांच्या हालचालीत शोधले.

कारण असे. रबर ताणताना साखळ्यांतले बंध लांबत नाहीत, साखळ्यांच्या वेटोळ्यांची मोडणी उलगडते. ताणलेल्या साखळीला वळवळायला कमी मार्ग उरतात. शास्त्रज्ञ याला एन्ट्रॉपी कमी होणे म्हणतात. सोडल्यावर कोणतेही बल साखळीला मागे ओढत नाही. ती फक्त पूर्वीसारखीच वळवळत राहते, आणि वळवळता वळवळता वेटोळ्यात जाऊन पडते, कारण वेटोळीच असंख्य आहेत. ताणण्याच्या कामाची ऊर्जा बंधांत साठत नाही, उष्णता होऊन बाहेर येते. ओठाला लागलेली ऊब तीच. आणि तापवल्यावर वळवळ वाढते, म्हणून ओढही वाढते. रबराचा ताण निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हे या स्पष्टीकरणाचे सर्वांत बोलके प्रमाण आहे.

म्हणजे रबराच्या बाबतीत विश्वनाथ पंचाननाचा क्रम फिरवावा लागतो. तिथे स्पंद हे कारण आहे आणि स्थितिस्थापक हे कार्य. वैशेषिकांच्या वहीत बोलायचे तर गुणाच्या खात्यात टाकलेली रक्कम मुळात कर्माच्या खात्यातली निघाली.

इथे दोन सावधगिऱ्या हव्यात. पहिली, यावरून प्राचीनांना बहुवारिकांचे ज्ञान होते असे काढणे हास्यास्पद आहे आणि ते चुकले म्हणून हसणेही तितकेच. त्यांच्यापुढे रबर नव्हतेच. दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची. प्रशस्तपादाच्या यादीतल्या शिंग, हाड, फांदी, सूत या वस्तू बहुवारिकांच्या घरच्याच आहेत, पण त्यांची उसळी रबरासारखी नाही. त्यांच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. वाकवताना बंधच ताणले जातात आणि तेच मागे ओढतात, पोलादात घडते तसे. तिथे जुना क्रम पुष्कळसा टिकतो. म्हणजे ‘मागे येणे’ हे कार्य एक, पण त्याच्या पोटात दोन वेगळी कारणे. कार्यावरून कारणाचे अनुमान करणाऱ्या शास्त्राला याहून अडचणीचे उदाहरण मिळणे कठीण. ओठ न लावता हा भेद ओळखता आला नसता.

आता दुसरा प्रश्न, हा गुण राहतो कुठे? न्याय-वैशेषिकांच्या मते कापड म्हणजे धाग्यांची नुसती बेरीज नव्हे. अवयवांपासून अवयवी ही वेगळी, नवी वस्तू निर्माण होते आणि ती अवयवांत समवायाने, म्हणजे न सुटणाऱ्या संबंधाने, राहते. बौद्ध आचार्यांनी याची टिंगल केली. धागे सोडून कापड कुठे आहे ते दाखवा म्हणाले. रबराच्या बाबतीत हा वाद नव्याने उभा करता येतो. एकाही कार्बन अणूत लवचीकपणा नाही. मग तो पट्टीत आहे का? अर्धाच. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९मध्ये रबर गंधकाबरोबर तापवले, तेव्हा साखळ्या मधूनमधून एकमेकींना सांधल्या गेल्या आणि सगळी पट्टी मिळून एकच जाळे झाले. हे सांधे नसतील तर साखळ्या घसरतात आणि रबराचा चिकट गोळा होतो. इथवर अवयवीचा पक्ष बळकट दिसतो.

पण १९९०च्या दशकात डीएनएचा एकच रेणू दोन टोकांना धरून ताणण्यात आला, आणि तो एकटा रेणूसुद्धा मागे ओढत होता, त्याच एन्ट्रॉपीच्या हिशेबाने. म्हणजे गर्दी लागत नाही. लागतो तो वेळ. त्या साखळीचे एका क्षणाचे छायाचित्र काढले तर त्यात एक वेडावाकडा आकार दिसेल, ओढ दिसणार नाही. ओढ ही असंख्य क्षणांची सरासरी आहे. क्षणिकवादी बौद्धाला, प्रत्येक वस्तू एकच क्षण टिकते म्हणणाऱ्याला, हा गुण कोणत्याच क्षणात सापडणार नाही. तो त्याच्या ‘संताना’त, म्हणजे क्षणांच्या ओळीत शोधावा लागेल. नैयायिकालाही तो कोणत्याच अवयवात सापडत नाही. दोन्ही पक्षांना थोडी माघार घ्यावी लागते, आणि त्यातल्या त्यात बौद्धाची माघार कमी पल्ल्याची वाटते.

वळवळ थांबली तर? बहुवारिक थंड करत नेले की एका टप्प्याला साखळीच्या तुकड्यांना कूस बदलायला जागा उरत नाही. या टप्प्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबरासाठी ते उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, पाण्याच्या बाटलीच्या पीईटीसाठी साधारण ७५ अंश, पॉलिस्टायरीनसाठी १०० अंश. म्हणून खोलीत रबर लवचीक आणि पॉलिस्टायरीनचा पेला कडक, काडकन तुटणारा. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला रबरी नळ हातोडीने काचेसारखा फुटतो. त्यातले अणू तेच, बंध तेच, रचनाही जवळजवळ तीच. फक्त चळवळ बंद. या टप्प्याखाली पदार्थाचा ताठपणा हजारपट होतो.

वैशेषिकांनी द्रवत्वाचेही दोन प्रकार केले होते. पाण्याचे द्रवत्व सांसिद्धिक, म्हणजे अंगचे. तूप, लाख आणि मेण यांचे नैमित्तिक, म्हणजे अग्नीच्या संयोगाने आलेले. यातली लाख म्हणजे किड्याने स्रवलेली राळ. बांगडीवाला निखाऱ्यावर धरून तिला मऊ करतो, लाटतो, वळवतो, गार होण्याआधी जोड मिटवतो. निमित्त निघून गेले की लाख पुन्हा कडक. हे वर्णन काचसंक्रमणाला चपखल बसते, पण अंगचे आणि आलेले हा भेद मात्र टिकत नाही. पाणीही शून्याखाली गोठते. ते द्रव असते ते आपल्या घरातल्या तापमानाच्या निमित्तानेच. ते निमित्त अष्टौप्रहर हजर असल्याने कुणी मोजत नाही, इतकेच.

तापमान हे एक निमित्त झाले. दुसरे निमित्त अधिक खोडकर आहे, ते म्हणजे काळ. पुरणपोळी करणारीला हे हाताने माहीत असते. कणीक तिंबून झाल्या झाल्या पोळी लाटायला घेतली तर लाटलेली पोळी लाटण्याखालून आखडून मागे येते. जोर केला तर फाटते. तीच कणीक तेलाचा हात लावून तासभर मुरू दिली की कड सुटेपर्यंत पसरते आणि पसरलेली राहते. तिंबताना ग्लुटेनच्या साखळ्या ताणल्या गेलेल्या असतात. मुरताना त्या वळवळून एकमेकींतून मोकळ्या होतात आणि ताण विसरतात. कणीक एका मिनिटाच्या प्रश्नाला स्थायूसारखे उत्तर देते आणि एका तासाच्या प्रश्नाला द्रवासारखे.

लांब साखळ्या सुटायला वेळ का लागतो? कारण त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि एक साखळी दुसरीला छेदून जाऊ शकत नाही. फ्रेंच भौतिकज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१मध्ये सुचवले की शेजारणींनी तिच्याभोवती जणू एक नळी उभी केलेली असते आणि साखळी त्या नळीतून सापासारखी सरपटत टोकाने बाहेर पडते. पुढे मोजमापांनी ही कल्पना बरीचशी खरी ठरली. साखळीची लांबी दुप्पट केली की वितळलेल्या बहुवारिकाचा घट्टपणा सुमारे दहापट होतो.

काळ आणि तापमान ही दोन निमित्ते एकमेकांची जागा घेतात, हा बहुवारिकांच्या अभ्यासातल्या सर्वांत सुंदर निष्कर्षांपैकी एक. थंडीत काही सेकंदांत दिसणारे वागणे उन्हाळ्यात क्षणार्धात दिसते. काचसंक्रमणाच्या जवळ तर तीनेक अंशांच्या फरकाने आतली हालचाल दहापट मंद किंवा जलद होते. मग काचसंक्रमण तापमान हा आकडा तरी पदार्थाचा स्वतःचा आहे का? पूर्ण नाही. तेच बहुवारिक दहापट सावकाश थंड केले तर तो आकडा सुमारे तीन अंशांनी खाली सरकतो. मोजणाऱ्याचे घड्याळ त्या आकड्यात शिरलेले असते.

हे घड्याळ विसरल्याची किंमत २८ जानेवारी १९८६ रोजी मोजावी लागली. फ्लोरिडामध्ये ‘चॅलेंजर’ यान उडाले तेव्हा हवेचे तापमान साधारण २ अंश होते. रॉकेटच्या सांध्यांतून तप्त वायू बाहेर येऊ नये म्हणून रबरी कडी बसवलेली होती. उड्डाणाच्या दाबाने सांधा किंचित उघडतो, आणि कड्याने त्या फटीत लगेच, सेकंदाच्या अंशात, फुगून बसायचे असते. थंडीने ते रबर काच झाले नव्हते, मंद झाले होते. पुरेसा वेळ दिला असता तर ते फटीत बसलेही असते. सात अंतराळवीर गेले. चौकशी आयोगाच्या जाहीर बैठकीत भौतिकज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून चिमटा सोडला आणि तो काही सेकंद दबलेलाच राहतो हे दाखवले. त्या दिवशी ‘हे रबर लवचीक आहे का’ या प्रश्नाला ‘किती वेळात’ हे विचारल्याशिवाय उत्तर नव्हते.

हा ‘किती वेळात’ मोजायला एक संख्या आहे आणि तिचे नाव बायबलमधून आले आहे. इस्राएलमधले शास्त्रज्ञ मार्कुस रायनर यांनी १९६४मध्ये छापलेल्या एका छोट्या लेखात शास्ते या ग्रंथातल्या दबोरा या संदेष्टीच्या गीताची आठवण काढली. परमेश्वरासमोर पर्वत वाहिले, असे त्यात ती म्हणते. रायनर यांचा अर्थ असा: पर्वतही वाहतात, पण माणसाचे आयुष्य ते पाहायला पुरत नाही, ईश्वराचे निरीक्षण अनंत काळ चालते म्हणून त्याच्यासमोर ते वाहतात. पदार्थाच्या आतल्या हालचालीला लागणारा काळ भागिले निरीक्षणाचा काळ, ही ती दबोरा-संख्या. मोठी असेल तर पदार्थ स्थायू दिसतो, लहान असेल तर द्रव. त्या गीतातल्या हिब्रू क्रियापदाचा अर्थ ‘थरथरले’ असाही घेतला जातो, आणि तो घेतला तर रायनर यांची सारी मांडणी कोसळते. पण भाष्यकाराला आपल्या कामाचा पाठ निवडण्याची सवलत सगळ्याच धर्मांनी दिलेली आहे.

या संख्येने ईश्वराच्या दृष्टीला मात्र नकळत अडचणीत आणले आहे. अनंत काळ पाहणाऱ्याला सगळेच द्रव दिसणार; त्याला स्थायू असे काही दिसणारच नाही. मग विटेचा कडकपणा हा माणसाच्या अल्पायुष्याचा भास म्हणायचा का? तसे म्हणणारे वेदान्ती सापडतील. पण साखळीचा सुटण्याचा काळ हा कुणी पाहो न पाहो, साखळीचाच आहे. कडकपणा हा भास नव्हे. तो दोन काळांमधला संबंध आहे, आणि संबंधाचे एक टोक पदार्थात पक्के रोवलेले आहे. जैनांचा ‘स्यात्’, म्हणजे ‘एका अपेक्षेने’, इथे वेदान्त्यांच्या मायेपेक्षा उपयोगी पडतो. ‘हे रबर लवचीक आहे’ हे वाक्य खोटे नसते, अपुरे असते. कोणत्या तापमानाला आणि किती वेळात, ही दोन पदे जोडली की ते पुरे आणि तपासता येण्याजोगे होते.

राहिला ‘संस्कार’. स्मरण आणि उसळी या दोघांना वैशेषिकांनी एकाच नावाखाली का ठेवले, हे कोडे वाचणाऱ्याला पडते. बहुवारिकांत मात्र ती जोडी शेजारीच नांदते. पीईटीची बाटली कारखान्यात आधी परीक्षानळीसारखी जाड, आखूड नळी असते. ती तापवून, हवा फुंकून ताणतात आणि ताणलेलीच गार करतात. साखळ्या उलगडलेल्या अवस्थेत थिजतात. अशा बाटलीत उकळते पाणी ओतले की ती अंग चोरते, सुरकुतते, आखूड होते; न ताणलेला गळ्याचा भाग मात्र बराचसा होता तसाच राहतो. थिजल्यामुळे जपला गेलेला ठसा हालचाल मोकळी होताच बाहेर येतो. आणि तीच हालचाल पुरेशी वाढली तर ठसा पुसलाही जातो. बाटल्यांचे तुकडे २६० अंशांच्या पुढे वितळवतात तेव्हा साखळ्या एकमेकींतून पार सुटतात, आणि त्या रसातून ओढलेल्या पॉलिएस्टरच्या धाग्यात बाटलीच्या आकाराची कसलीही ओढ शिल्लक नसते.